छापखाना घरच्यालाच चालवायला देताना

नागपुरात महाल, गणेशपेठ, सीताबर्डी, कुठल्याही जुन्या छापखान्यात मालक कोण ते विचारून बघा. "दुकान आजोबांच्या नावावर, मशीन काकांची, धंदा पुतण्या बघतो." आणि कागद? "घरचंच तर आहे, कागद कशाला!" या 'कशाला'चं बिल पाच-सात वर्षांनी येतं. कधी ते जीएसटीच्या नोटिशीतून येतं, कधी दुकानाच्या मूळ मालकाकडून, आणि बऱ्याचदा वारसांकडून.

परक्याला छापखाना चालवायला देताना माणूस वकील गाठतो, अनामत मागतो, मशीन तपासून देतो. घरच्याला देताना चहा पिता पिता किल्ल्या देऊन मोकळा होतो. वास्तविक जास्त काळजी इथेच हवी. परक्यांच्या व्यवहारात अधिकारी कागद वाचतो. नात्यातल्या व्यवहारात तो कागदाकडे संशयानेच बघतो, आणि दर खरा आहे हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

नक्की काय देताय?

'छापखाना दिला' या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी आहेत: जागा, यंत्रं, नाव आणि हातातली गिऱ्हाइकं. चौघींचे कायदे वेगळे, करही वेगळे. "महिन्याला ५५ हजार, सगळं मिळून" असं एका ओळीत लिहिलं की पुढची प्रत्येक भानगड तिथून सुरू होते.

जागा वापरायची नुसती परवानगी म्हणजे लायसन्स, १८८२ च्या सुखाधिकार कायद्याचं कलम ५२. जागेत हक्क निर्माण झाला की तो भाडेपट्टा. कागदावर वर 'लीव्ह अँड लायसन्स' छापलं म्हणून ते लायसन्स होत नाही. असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगितलं की शीर्षक नाही, व्यवहाराचं स्वरूप बघायचं, आणि जागेचा एकट्याचा ताबा कुणाकडे आहे हा त्यातला मोठा पुरावा. म्हणून देणाऱ्याकडे शटरची एक किल्ली असावी, महिन्यातून एकदा येऊन यंत्रं तपासायचा हक्क असावा, आणि तो वापरलाही जावा. तपासणीची वही ठेवा. तारीख आणि दोन सह्या पुरतात.

दुसरी बाजूही बघा. चालता धंदा यंत्रांसकट दिला आणि जागा त्याला केवळ जोडून आली, तर न्यायालय मुख्य हेतू बघतं. द्वारका प्रसाद विरुद्ध द्वारकादास सराफ या १९७५ च्या निकालात सिनेमागृहाबद्दल हाच प्रश्न होता. तिथे यंत्रसामग्रीसह चालता धंदा दिला होता, नुसती इमारत नव्हती, म्हणून भाडेनियंत्रणाचं संरक्षण लागू झालं नाही. छापखान्यालाही हा विचार लागू पडू शकतो, पण करारातून धंदा हाच मुख्य हेतू दिसला पाहिजे. यंत्रांची यादी नसलेल्या करारातून तो कसा दिसणार?

म्हणून दोन कागद करावेत. एक जागेचा, नोंदणीकृत. दुसरा यंत्रं, नाव आणि कामांचा. दोन्हीत एकमेकांचा उल्लेख ठेवा आणि एक संपला की दुसरा आपोआप संपेल असं कलम घाला. हे कलम विसरलं तर मशीन परत येते आणि खोली अडकते. मग फाउंडेशनवरून उचललेली मशीन ठेवायची कुठे?

खोली खरंच तुमची आहे का

नागपुरात ही पायरी वगळून चालत नाही. जुन्या वस्तीतले कितीतरी छापखाने पिढीजात भाड्याच्या दुकानात आहेत. विदर्भात पूर्वी मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश चालायचा. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सगळ्या राज्यात आला. त्याचं कलम २६ सांगतं की भाडेकरूने लेखी मुभेशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा नाही, लायसन्सवरही द्यायचं नाही. कलम १६ खाली तर ते जागा रिकामी करून घेण्याचं कारणच ठरतं. घेणारा सख्खा पुतण्या असला तरी तो कायद्याच्या नजरेत दुसरा माणूस. त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर बोलायलाच नको. मूळ मालक चाळीस वर्षं गप्प बसलेला असतो, पण पुतण्याच्या नावाची जीएसटी पाटी दारावर लागली की तिचाच फोटो काढून तो वकिलाकडे नेतो.

पाटीचा हा मुद्दा टाळायला काही जण 'भागीदारी' करतात: काका एक टक्का, पुतण्या नव्व्याण्णव. भागीदारी खरी असेल, काका हिशेबात आणि निर्णयात असतील, तर ते पोटभाडं ठरत नाही. नुसती कागदी असेल तर न्यायालय पडदा बाजूला करतं.

जागा नझूलची (सरकारी जमिनीवरची) किंवा सुधार प्रन्यासच्या लीजची असेल तर मूळ लीज डीड काढून वाचा. वापर कोणता लिहिलाय, दुसऱ्याला द्यायला परवानगी लागते का, नूतनीकरण कधीचं राहिलंय. हिंगणा किंवा बुटीबोरीतला एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तो तुम्ही विकत घेतलेला नसतो, ९५ वर्षांच्या पट्ट्यावर असतो. आत दुसऱ्याला बसवायला महामंडळाची आधी परवानगी आणि शुल्क लागतं, भाऊ असला तरी.

मशीनवर बँकेचं कर्ज असेल तर तारण म्हणून नोंदलेली मशीन बँकेला न विचारता दुसऱ्याच्या हाती देणं हा करारभंग आहे. ना हरकत पत्र घ्या. आगीच्या विम्यात मशीन एकाची आणि कागदाचा साठा दुसऱ्याचा, ही गोष्ट कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी काकांच्या नावावर आणि जळालेला आर्ट पेपर पुतण्याचा, अशा दाव्यात भरपाई अडते.

दर कसा काढायचा

नात्यातला दर 'ठरवतात', काढत नाहीत. काढलेला दर मात्र टिकतो. उदाहरण घेऊ. वापरलेलं चार रंगी मशीन आज बाजारात विकलं तर १८ लाख येतील असं धरा. त्यावर १२ टक्के व्याज म्हणजे वर्षाला २,१६,०००. अजून दहा वर्षं चालेल असं मानलं तर झीज १,८०,०००. बेरीज ३,९६,०००, म्हणजे महिन्याला ३३,०००. जागेचे १८,०००, तेही त्याच रस्त्यावरच्या दोन दुकानांचे नोंदणीकृत करार बघून. नावाचे ४,०००. एकूण ५५,०००. हा हिशेबाचा कागद, मशीनच्या किमतीसाठी चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला आणि मशीन विक्रेत्याचं एखादं कोटेशन करारासोबत फाइलला लावून ठेवा.

जुन्या मशीनचं भाडं नुसतं महिन्यावर ठेवलं तर घेणारा तिला पिळून काढतो. म्हणून ३३ हजारांत महिन्याला ३ लाख इम्प्रेशन (छापे), त्यावर दर हजारी ठरलेला आकार, अशी विभागणी चांगली. त्यासाठी छापे मोजणारा काउंटर शाबूत हवा. जुन्या यंत्रावरचा यांत्रिक काउंटर सोडवून ठेवणं अवघड नसतं, म्हणून पडताळणीला प्लेटच्या खरेदीची बिलं आणि कागदाचा खप जोडून बघायचा. तीन आकडे जुळले की भांडायला जागा राहत नाही.

अनामत ३ लाख धरा. जागेच्या ३६ महिन्यांच्या कराराचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात अनुच्छेद ३६अ प्रमाणे ०.२५ टक्के. १८,००० गुणिले ३६ म्हणजे ६,४८,०००. अनामतीवर १० टक्के दराने तीन वर्षांचं मानीव व्याज ९०,०००. बेरीज ७,३८,०००, शुल्क १,८४५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वकिलाची फी आणि इतर खर्च वेगळा, तरी एवढ्या स्वस्तात मिळणारं संरक्षण माणूस का टाळतो हे कळत नाही. मुदत ६० महिन्यांच्या वर नेऊ नका, शुल्क भाडेपट्ट्याच्या दराने लागतं.

नोंदणी ऐच्छिक नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत हवा म्हणतं, आणि ती जबाबदारी मालकावर टाकतं. नोंदणी नसेल तर अटींबाबत घेणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. "माझा मुलगा कोर्टात जाईल का?" कदाचित नाही जाणार. पण मुलाचा भागीदार जाऊ शकतो, किंवा मुलाचा दिवाळखोरीतला धनको.

यंत्रांचा दुसरा कागद ५०० रुपयांच्या मुद्रांकावर उरकायची सवय आहे. किती लागतं याबद्दल शंका असेल तर मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३१ खाली अभिनिर्णय करून घ्या. कमी मुद्रांकाचा कागद न्यायालय पुराव्यात घेत नाही, आणि कमी पडलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के दंड चढत जातो.

नातं प्रत्येक कायद्यात वेगळं

'घरचे' म्हणजे कोण, याचं उत्तर दोन करकायदे दोन तऱ्हेनं देतात.

जीएसटीत कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि मुलं. आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहीण हे तेव्हाच, जेव्हा ते पूर्णतः किंवा मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असतील. म्हणजे बाप-लेक नात्यातले ठरतात, पण वेगवेगळं कमावणारे दोन सख्खे भाऊ केवळ भाऊ म्हणून ठरत नाहीत. कंपनी असेल तर २५ टक्के मतदानाचे शेअर दोन्हीकडे एकाच माणसाकडे असले तरी नातं जुळतं. आयकरात मात्र भाऊ-बहीण सरळ नातेवाईक आहेत. १९६१ च्या कायद्यातलं कलम ४०अ(२) सांगतं की नातेवाइकाला बाजारभावापेक्षा जास्त दिलेला खर्च अधिकारी नाकारू शकतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सीएशी बोलताना ते लक्षात ठेवा.

जीएसटीत नात्यातला व्यवहार फुकट असला तरी तो पुरवठा धरतात. "मी मुलाकडून काही घेतच नाही" हा बचाव नाही. मूल्य बाजारभावाने धरायचं, पण एक सोय आहे. घेणाऱ्याला पूर्ण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत असेल तर बिलात जो आकडा लिहिला तोच बाजारभाव मानतात. बिलबुकं, लेबलं, पत्रिका छापणाऱ्या नोंदणीकृत छापखान्याला ही सोय मिळते. घेणारा कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असेल, किंवा शून्य कर असलेली छापील पुस्तकं विकत असेल, तर पूर्ण क्रेडिट मिळत नाही आणि सोय जाते. तिथे वरचा दराचा कागद कामी येतो. आणि मुळात बिल फाडलेलं हवं. बिलच नसेल तर कोणता आकडा मानायचा?

वडिलांची मोठी चूक इथे होते. धंदा दिला, आता नंबर कशाला, म्हणून ते जीएसटी नोंदणी रद्द करतात. रद्द करताना साठ्यावरचं आणि भांडवली यंत्रांवरचं क्रेडिट परत करावं लागतं. यंत्रांच्या बाबतीत उरलेल्या आयुष्यावरचं क्रेडिट किंवा व्यवहारमूल्यावरचा कर, यातलं जे जास्त असेल ते. मशीन विकलेलं नाही, पैसे आलेले नाहीत आणि कर मात्र भरायचा. त्यापेक्षा नोंदणी ठेवून व्यवसायाचं स्वरूप बदला, दरमहा ५५,००० अधिक १८ टक्के असं बिल द्या आणि मुलाला ९,९०० चं क्रेडिट घेऊ द्या. आकार कोणत्या सदराखाली बिलात दाखवायचा ते सीएला विचारून घ्या, कारण यंत्राच्या भाड्याचा दर त्या यंत्राच्या विक्रीच्या दराशी बांधलेला असतो.

दुकान आईच्या नावावर आणि तिची नोंदणी नाही, तरी कर सुटत नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून घेतलेल्या व्यापारी जागेवरचा जीएसटी नोंदणीकृत घेणाऱ्याने उलट आकारणीने स्वतः भरायचा आहे. १८,००० वर ३,२४० रोखीने भरायचे आणि मग क्रेडिट घ्यायचं. कंपोझिशनवाल्यांना नंतर यातून वगळलं.

आणखी एक गोंधळ: चालता धंदा संपूर्ण विकला तर जीएसटी माफ असतो आणि आयटीसी-०२ फॉर्मने क्रेडिट पुढे नेता येतं. इथे आपण धंदा विकत नाही, वापरायला देतो. तरी कुणीतरी आयटीसी-०२ भरून टाकतो आणि पुढे क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. शिल्लक कागद, शाई, प्लेटी मुलाला वेगळ्या बिलाने विका.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर: घेणारा फर्म किंवा कंपनी असेल, किंवा मागच्या वर्षी ऑडिटची मर्यादा ओलांडलेला व्यक्ती असेल तर कापायचा. भाड्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून महिन्याला ५०,०००. यंत्रांवर २ टक्के, इमारतीवर १० टक्के. आपल्या उदाहरणात दोन्ही एकाच माणसाला जातात, ३३ अधिक १८ म्हणजे ५१ हजार, मर्यादा ओलांडली. म्हणून यंत्रांवर ६६० आणि जागेवर १,८०० कापायचे. दोन्ही वेगळे दाखवले नसते तर अख्ख्या रकमेवर १० टक्क्यांचा वाद झाला असता. नावाचे वर्षाचे ४८,००० वर्षाला पन्नास हजारांच्या वेगळ्या मर्यादेत राहतात, त्यावर कपात नाही.

भाडं आईच्या खात्यात आणि मशीन वडिलांची, हा घरगुती उपाय चालत नाही. मालमत्ता न देता नुसतं उत्पन्न दुसऱ्याला दिलं तर ते उत्पन्न देणाऱ्याचंच. आणि सगळे पैसे बँकेतून, दर महिन्याला. मार्चअखेर 'खात्यात वळते केले' अशी एक नोंद म्हणजे करार खोटा असल्याचा पुरावा आपणच दिल्यासारखं. अनामत रोखीने तर अजिबात नको.

घेणारी कंपनी असेल तर संचालकाने हितसंबंध जाहीर करावा, संचालक मंडळाचा ठराव व्हावा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १८८ नेहमीच्या धंद्यातल्या आणि बाजारभावाच्या व्यवहाराला सूट देतं. 'बाजारभाव' हा शब्द इथेही आला, म्हणजे दराचा तो कागद इथेही लागेल. देणारी भागीदारी फर्म असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या घ्या.

मशीन हातात देताना

कायद्याचा भाग वकील करून देईल. हा भाग वकिलाला येत नाही आणि भांडणं इथूनच निघतात.

यादी 'एक ऑफसेट मशीन' अशी नको. मेक, मॉडेल, अनुक्रमांक, काउंटरचा आकडा, मोटरचा आणि कंप्रेसरचा क्रमांक. शाईच्या आणि पाण्याच्या रोलरची कडकपणाची मोजणी शोअर अ मध्ये. नवा शाईचा रबर रोलर साधारण २५ ते ३५ असतो. ४५ च्या वर गेलेला रोलर चमकतो, शाई धरत नाही आणि तो भरून घ्यावाच लागतो. आकडा लिहिला नाही तर दोन वर्षांनी "तेव्हाच कडक होते" हे वाक्य ऐकायला तयार राहा. प्लेटवर टेकणाऱ्या रोलरचा पट्टा काढून बघा, रुंदी ३ ते ५ मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी हवी. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक पट्टा आला तर बेअरिंग किंवा सेटिंग गेलं. ब्लँकेट तीन पदरी की चार पदरी, १.६५ की १.९५ मिलिमीटर, खाली पॅकिंग किती. ग्रिपरचे पॅड, फीडरचे सक्शन, कटिंग मशीनचं पातं किती उरलं आणि त्याचा सेफ्टी सेन्सर चालतो का.

मग चाचणी फर्मा, म्हणजे नमुन्याचा कागद, छापा. चार रंगांचा, रजिस्टर मार्क (रंग एकमेकांवर नेमके बसले का ते दाखवणाऱ्या खुणा), बारीक उलटी अक्षरं, सपाट काळा पट्टा आणि हलक्या टिंट असलेला. २०० कागद गेल्यानंतरचे दहा कागद काढून दोघांनी सह्या करायच्या, पाच-पाच ठेवायचे. करार संपताना हाच फर्मा पुन्हा छापायचा. शंभर ओळींच्या कलमापेक्षा हे दहा कागद जास्त बोलतात.

फक्त नागपूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ ला टेकला होता. कोरड्या हवेत कागद वळतो, चिकटून दोन-दोन येतात, रजिस्टर हलतं, फाउंटनमधला, म्हणजे प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यातला, अल्कोहोल उडून जातो. जानेवारीत काढलेला फर्मा आणि मे महिन्यातला फर्मा यांची तुलना अन्यायाची होते. कागदावर तापमान, आर्द्रता आणि फाउंटनचा पीएच लिहा. हिशेबाच्या सोयीने करार १ एप्रिलला सुरू करतात, तेव्हा निदान संपायची चाचणीही त्याच सुमाराला पडते, हे बरं.

दुरुस्तीची वाटणी अशी लिहावी: रोजचं तेल, वॉश, ब्लँकेट, रोलर भरणं, ग्रिपर पॅड, पात्याला धार घेणाऱ्याकडे. सिलिंडर, मुख्य शाफ्ट, गिअर, मुख्य मोटर देणाऱ्याकडे. पण गोळा झालेला कागद आत गेल्याने सिलिंडर दबला तर तो निष्काळजीपणा, खर्च घेणाऱ्याचा. विजेच्या झटक्याने कार्ड जळलं तर काय, हा खरा वादाचा मुद्दा. स्टॅबिलायझर कुणी लावायचा ते आधीच लिहिलं तर तो सुटतो. वीजबिल देणाऱ्याच्याच नावाने राहू द्या, पण भरायचं घेणाऱ्याने, आणि पहिल्या दिवसाचं रीडिंग करारात.

शिल्लक कागद मोजताना रीम उघडत बसू नका, तोला. २३ बाय ३६ इंच, ६० जीएसएमचा (चौरस मीटरला ६० ग्रॅम) ५०० चा रीम १६ किलो भरतो. बल्लारपूरहून आलेला मॅपलिथो असो की आणखी कुठला, वजन १५ च्या खाली गेलं तर एक तर कागद कमी, नाही तर जीएसएम खोटा.

संगणकातलंही विसरू नका. श्री-लिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचा डाँगल (संगणकाला लावायची किल्ली) कुणाच्या नावाचा, रिपचं (फाइल प्लेटसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स हस्तांतर होतं का, जुन्या पत्रिकांच्या फाइली कोणत्या फाँटात. डाँगल परत घेतला की दहा वर्षांच्या फाइली उघडत नाहीत.

एक कायदेशीर फट इथेच दडली आहे. सुखाधिकार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे घेणाऱ्याने परवानगीच्या जोरावर खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केलं तर लायसन्स मागे घेता येत नाही. नवी मोठी मशीन आणली, तिच्यासाठी आरसीसी फाउंडेशन ओतलं, की तो दावा उभा राहू शकतो. "लेखी परवानगीशिवाय पक्कं काम नाही, परवानगीने केलेल्या कामामुळेही करार रद्द करण्याचा हक्क जात नाही" हे वाक्य घालाच.

कुणाचं नाव छापायचं

पत्रकाच्या तळाशी मुद्रक म्हणून कुणाचं नाव जातं? जुनी प्लेट तशीच पुढे चालते आणि काकांचं नाव छापलं जातं. निवडणुकीच्या काळात हे महागात पडतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७अ प्रमाणे निवडणूक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाकडून दोन साक्षीदारांसह घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचं आणि छपाईनंतर पत्रकासोबत ते नागपुरात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. काम पुतण्याने घेतलं आणि नाव काकांचं गेलं तर चौकशीचा पहिला फोन काकांना. म्हणून करारात लिहा: मुद्रक म्हणून नाव फक्त घेणाऱ्याचं, 'अमुक मुद्रणालय' हे नाव वापरायचं असेल तर सोबत 'चालक' म्हणून त्याचं नाव.

साप्ताहिक किंवा मासिक छापत असाल तर १८६७ च्या कायद्याखालची दंडाधिकाऱ्यांसमोरची घोषणा आता नाही. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा आहे आणि माहिती प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन द्यायची असते. तिथेही चालवणाऱ्याचंच नाव जायला हवं.

नाव वापरायला देताना गुणवत्तेवर देणाऱ्याची नजर राहील, असं लिहा. नोंदणी नसलेलं नावसुद्धा संपत्ती असते. डिझाइनच्या हक्कांसाठी मुदत आणि प्रदेश लिहा. नाही लिहिलं तर प्रताधिकार कायदा पाच वर्षं आणि संपूर्ण भारत असं धरतो.

माणसं, आणि शेवट

मशीनमन, फीडर, बाइंडर यांची यादी करा: नाव, कामावर लागल्याची तारीख, पगार, आजवरची ग्रॅच्युइटी. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात विक्रीच नाही तर लायसन्सने दिलेल्या आस्थापनेचीही मागची थकबाकी दोघांवर मिळून टाकली आहे. पुतण्याने आधी काकांची चलनं बघावीत, लाज वाटून घेऊ नये. माणसं किती आहेत त्याप्रमाणे दुकाने आणि आस्थापना अधिनियमाखाली नुसती सूचना किंवा नोंदणी, घेणाऱ्याच्या नावाने. वीज वापरून वीसजण कामाला लागले की कारखान्याचे नियम सुरू होतात.

वाद झाला तर लवाद, असं कलम सर्रास घालतात. जागेच्या ताब्यासाठी ते उपयोगाचं नाही. नटराज स्टुडिओज विरुद्ध नवरंग स्टुडिओज या १९८१ च्या निकालात लीव्ह अँड लायसन्सचाच करार होता आणि भाडे कायद्यातला विषय लघुवाद न्यायालयाचाच, असं ठरलं. घर लायसन्सवर दिलं असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा लवकर मिळतो. ती सोय दुकानाला नाही, नागपुरात लघुवाद न्यायालय गाठावं लागतं. यंत्रांच्या आणि पैशाच्या वादासाठी लवाद ठेवा.

देणारा गेला तर काय, हे घरात कुणी बोलत नाही. त्याच्यामागे बहिणीही वारस असतात. लेखी लायसन्स असेल तर मुलाचा ताबा परवानगीचा होता हे स्पष्ट राहतं. बहिणींना भाड्यातला हिस्सा मागता येतो आणि मुलाने स्वतः घेतलेली मशीन कुणी वडिलांच्या मालमत्तेत ओढत नाही. वारसांपैकी पैसे कुणाच्या खात्यात जायचे आणि मुदत संपेपर्यंत करार चालू राहील का, ही दोन वाक्यं आधीच लिहून ठेवा.

करार संपल्यावर गिऱ्हाईक कुणाचं? "पुढची पाच वर्षं याच भागात छपाईचा धंदा करणार नाही" असं लिहून घेतात. करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकत नाही. नावलौकिक विकला असता तर बंधन घालता आलं असतं, इथे तो फक्त वापरायला दिला आहे. अडवता येतं ते एवढंच: नाव, पाटी, गिऱ्हाइकांच्या फाइली, डाय आणि दुकानाचा मोबाइल नंबर. नंबर पहिल्या दिवसापासून देणाऱ्याच्या नावाने ठेवा. लग्नपत्रिकेची चौकशी पाटी वाचून येत नाही, त्या नंबरच्या व्हॉट्सॲपवर येते.